दाजींची अदलाबदल

कोचला काळजी करायला कारण लागत नाही. दिवसभर तो लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांमध्ये वाकून दोर, ब्रेक, दरवाज्यांची कुलपं तपासतो आणि संध्याकाळी हॉकीचा एक संघ सांभाळतो. "लोक लिफ्टमध्ये शिरतात आणि खुशाल मोबाईल बघतात," तो म्हणतो. "त्यांच्या वाट्याचं मी आधीच भिऊन ठेवलेलं असतं." घराला कुलूप लावलं की तो ते ओढून बघतो, जिना उतरतो, परत चढतो आणि पुन्हा ओढतो. खालच्या मजल्यावर त्याची ताई राहते. ती दारात उभी राहून म्हणते, "छोटू, एवढं ओढत राहिलास तर उघडेल एखाद दिवशी."

अशा माणसाला त्या आठवड्यात खरोखरीचं कारण मिळालं.

संघाच्या अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि संघाचे बहुतेक निर्णय तिथेच, कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवता बसवता होतात. कोच पोचला तेव्हा खुर्चीत एक आजी होत्या.

"बसा कोच. आजी, जरा वर बघा. हं, तर नदीपलीकडच्या संघाचा निरोप आलाय. त्यांना दाजी हवेत."

कोच बसत होता तो तसाच उठला. "कशाला?"

"खेळायला! कशाला म्हणजे काय? बदल्यात त्यांचा तो बचावातला फुल बॅक देतायत. उंच, केस बांधतो तो. आजी, कानामागे टोचत नाही ना?"

"पण दाजी गेले तर लोक आपल्याला शिव्या घालतील."

"घालू देत. असेच हरत राहिलो तर स्पर्धेच्या खालच्या गटात जाऊ. मग शिव्या घालायलासुद्धा कोणी फिरकणार नाही."

आजींना राहवेना. "मी बोलू का? वय झालं म्हणून माणसाला असं देऊन टाकू नये हो."

"आजी, तो सदतीस वर्षांचा आहे."

"एवढाच? मग द्या की."

अध्यक्षांनी फ्रेम काढली, काच पुसली आणि आवाज खाली आणला. "हंगामाच्या मध्यावरच अदलाबदल करता येते. या नाही, पुढच्या रविवारी मुदत संपते. तुमचा शब्द शेवटचा. तुमचं नातं आहे म्हणून मी जबरदस्ती करणार नाही. पण नातं आहे म्हणून नाही म्हणू नका, एवढंच."

नातं असं, की दाजी हे ताईचे यजमान. कोच त्यांना दाजी म्हणायचा. ते ऐकून ऐकून गोलकीपरही म्हणायला लागला, मग सगळा संघ, मग प्रेक्षक. आता तर पंचही शिट्टी वाजवून "दाजी, स्टिक खाली" असं बजावतात. "लग्न एका घरात केलं आणि अख्खा गाव मेहुणा झाला," दाजी म्हणतात, "पण मानपान एकाही मेहुण्याने केला नाही."

एकेकाळी उजव्या बगलेने दाजी चेंडू घेऊन निघाले की मैदानाबाहेर चहा पिणारे लोक कप ओठांपाशी धरून थांबायचे. संघाकडे आज जे काही आहे, म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, प्रेक्षकांच्या चार पायऱ्या आणि थोडं नाव, ते सगळं त्यांच्या पायांनी आणलेलं. कोचसुद्धा त्यांनीच आणला. तो स्वतः अगदी बेताचा खेळायचा. लग्नानंतर काही दिवसांनी दाजींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "छोटू, पायाने तू काही कामाचा नाहीस. पण भितोस छान. बाकावर एक भिणारा माणूस हवाच." त्या दिवसापासून तो कोच झाला. त्याच्या आयुष्यात त्याला इतकं ओळखून कोणी काही दिलं नव्हतं.

त्या रात्री तो नेहमीसारखा खाली जेवायला गेला. दाजी आंघोळीला गेले होते. ताई ताट वाढता वाढता हळूच म्हणाली, "ह्यांचं खेळताना काही बिनसलंय का रे?"

"का?"

"पूर्वी हरून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आता हरून येतात आणि मजेत असतात. म्हणतात, मी झकास खेळलो, बाकीचे का ढेपाळले कळत नाही. दर वेळी तेच. मला काही हे लक्षण बरं वाटत नाही."

अध्यक्षांचं बोलणं तिला सांगावं असं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात दाजी डोकं पुसत बाहेर आले. "काय रे, कुजबुज कसली? माझ्या वाढदिवसाची का?"

वाढदिवस खूप लांब होता.

मैदानाला लागून एक उंच इमारत आहे. तिथली लिफ्ट कोचच्याच देखभालीत असते. सरावाच्या वेळेला ती नेमकी मधल्या मजल्यावर अडकली आणि कोचला जावं लागलं. बिघाड किरकोळ होता. तो दुरुस्त करून हात पुसत तो गच्चीच्या कठड्याशी आला, तर खाली सराव सुरू झालेला. बाकावर बसून खेळ बघताना माणसं दिसतात. वरून त्याला पहिल्यांदाच माणसांमधल्या मोकळ्या जागा दिसल्या.

दाजी उजव्या बगलेला होते. त्यांच्या मागचा राइट हाफ, ज्याला अखंड बडबडीमुळे सगळे पोपट म्हणतात, तो आपल्या जागेवर नव्हताच. दाजींना जिथे पोचायला उशीर होईल तिथे तो आधीच जाऊन थांबत होता. पोपटची जागा भरायला मधला हाफ उजवीकडे झुकलेला, आणि मधल्याची जागा भरायला आणखी एक जण. पास तर इतके अलगद की चेंडू थेट दाजींच्या स्टिकवर जाऊन टेकत होता, त्यांना एक पाऊलही जास्त टाकावं लागू नये म्हणून. गोलकीपरही उजव्या खांबाला चिकटून. सगळा संघ एका बाजूला कलला होता. डावीकडे एकटा लेफ्ट बॅक उभा होता आणि त्याच्याभोवती मैदान ओसाड पडलं होतं.

कोचने कठडा घट्ट धरला. या हंगामातले जवळपास सगळे गोल डावीकडून झाले होते. आणि प्रत्येक सामन्यानंतर त्याने शिव्या घातल्या होत्या त्या लेफ्ट बॅकला.

खाली आल्यावर त्याने एकेकाला खोलीमागे बोलावलं. पोपट इकडे तिकडे बघून म्हणाला, "कोच, कोणाला सांगू नका हं. मी दाजींना जरा सांभाळून घेतो. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, खुद्द दाजींच्याही नाही." मधल्या हाफने हेच सांगितलं. गोलकीपरला सगळे भिंत म्हणतात. भिंत म्हणाला, "मी एकटाच थोडा उजवीकडे सरकून राहतो. एवढ्याने काय होतंय?" प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच हे करतो आणि एवढ्याने काय होतंय. कोणी कुणाशी बोललं नव्हतं. दाजींबद्दल तसं बोलणंच शक्य नव्हतं.

कोच तरी वेगळं काय करत होता? दाजींचे खांदे वरखाली व्हायला लागले की तो त्यांना बाहेर बोलावून पाणी द्यायचा आणि त्याला डावपेच म्हणायचा.

अध्यक्षांना हो म्हणावं की नाही, एवढाच प्रश्न आतापर्यंत होता. आता त्याला दुसरं तोंड फुटलं. नदीपलीकडच्यांनी दाजींचा जो खेळ बघून त्यांना मागितलं होतं, तो खेळ एकट्या दाजींचा नव्हता. तिकडे गेल्यावर पहिल्याच सामन्यात पास एक पाऊल पुढे पडेल आणि दाजी तिथे नसतील. पुन्हा पडेल, पुन्हा नसतील. परक्या लोकांसमोर, परक्या रंगाच्या शर्टात त्यांना ते कळेल. आणि इथे ठेवलं तर संघ असाच एका कुशीवर झोपलेला राहील आणि खाली जाईल. कोच रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. एक गोष्ट मात्र पक्की होती. दाजींना सांगायला हवं होतं आणि ते सांगणारा दुसरा कोणी नव्हता.

त्याने जेवताना सुरुवात केली. "दाजी, तुम्हाला कधी असं वाटतं का..."

"काय?"

"की आपण... पाणी कमी पितो?"

दाजींनी त्याच्याकडे बघितलं, ताईने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्याने संघाला बजावलं, दाजींसाठी कोणीही जागा सोडायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सराव सुरू झाला आणि थोड्याच वेळात सगळे पुन्हा उजवीकडे. "पाय ऐकत नाहीत, कोच," पोपट काकुळतीला येऊन म्हणाला. "मी मुद्दाम नाही जात. बघतो तर तिथे गेलेलो असतो."

तेव्हा कोचला नर्सिंगच्या कॉलेजचा मुलींचा संघ आठवला. दाजींना न ओळखणारी माणसं हवी होती. त्याने त्यांच्या कॅप्टनला सरावाच्या सामन्याला बोलावलं आणि वर म्हणाला, "दहाच जणी या. अकरावा खेळाडू आम्ही देतो."

"का हो? एवढ्यातच घाबरलात?" ती म्हणाली.

शनिवारी दाजी मुलींच्या बाजूने उतरले. उसना निळा शर्ट त्यांना पोटावर घट्ट बसत होता. "बघ छोटू, माझं वजन नाही वाढलं, शर्ट आटलाय," असं म्हणत ते उजव्या बगलेला जाऊन उभे राहिले. मुली त्यांना पास देणार तो जागेवर नाही, पुढे देणार, दाजी उशिरा पोचणार, पोपट नसणार, आणि दाजींना आपलं आपल्यालाच कळेल. कोचचा हिशोब असा होता.

हिशोबात एक गोष्ट राहून गेली होती. समोर त्यांचाच संघ होता.

दाजींनी चेंडू घेतला आणि निघाले. समोर लेफ्ट बॅक आला. तोच, हंगामभर शिव्या खाल्लेला. तो वाकला, त्याने स्टिक पुढे केली आणि अगदी शेवटच्या क्षणी ती बाजूला घेतली. दाजी त्याला ओलांडून गेले. पुढे मधला हाफ होता. त्याचाही पाय घसरला. कोरड्या मैदानात. दाजी गोलसमोरच्या डीमध्ये पोचले, त्यांनी फटका मारला आणि भिंतीच्या पायांमधून गोल झाला. भिंतीच्या पायांमधून आजवर मांजरसुद्धा गेलेलं नव्हतं.

दाजींनी दोन्ही हात वर केले. पण कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काका, हे लोक तुम्हाला जाऊ देतायत!"

"जाऊ देत नाहीत गं पोरी. त्यांना अडवता येत नाही."

"अहो, मी लेफ्ट बॅकच खेळते. अडवणं काय असतं ते मला कळतं. ह्याने स्टिक टाकलीच नाही." ती लेफ्ट बॅककडे वळली. "काय रे, तुझे सासरे आहेत का हे?"

मुली हसल्या. दाजींच्या स्वतःच्या संघातलं कोणी हसलं नाही. तेवढ्यावरूनच दाजींना कळलं. त्यांनी लेफ्ट बॅककडे बघितलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्यांनी पोपटकडे बघितलं. पोपट आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता.

"परत घे," दाजी म्हणाले. "मी येतो. अडव."

"दाजी, राहू द्या ना..."

"अडव म्हटलं ना!"

ते पुन्हा निघाले. लेफ्ट बॅकने चेंडू काढून घेतला, एखाद्याच्या हातातला कप घ्यावा तसा. दाजींनी चेंडू मागवला आणि पुन्हा निघाले. या वेळी त्यांनी खांदा डावीकडे पाडून उजवीकडे निसटायची ती जुनी हूल दिली, जिच्यासाठी लोक चहा थांबवायचे. लेफ्ट बॅकने खांद्याकडे पाहिलंही नाही. चेंडू पुन्हा गेला. "अजून," दाजी म्हणाले. त्यांचा श्वास पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. शिट्टी कोचच्या ओठांत होती आणि ती वाजवावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी लेफ्ट बॅकच रडकुंडीला आला आणि स्टिक खाली ठेवून म्हणाला, "बास ना, दाजी."

दाजी चालत बाकाशी आले आणि कोचच्या शेजारी बसले. बराच वेळ ते बुटांची नाडी सोडत होते.

"मुलींना तूच बोलावलंस. दहाच."

"हो."

"कधीपासून चाललंय हे?"

"हंगाम सुरू झाल्यापासून असेल. मलाही परवाच कळलं, वरून बघितल्यावर."

"आणि मी घरी तुझ्या ताईला सांगत होतो, बाकीचे ढेपाळलेत म्हणून." ते थांबले. "पडलो असतो तर उठलो तरी असतो रे. तुम्ही पडूच दिलं नाहीत."

मग कोचने उरलेलं सांगून टाकलं. निरोप, उंच फुल बॅक, मुदत.

"तुझं मत काय?"

"मला झोप लागत नाही."

"ते मत नाही."

"तुम्हाला द्यावं असं वाटतं," कोच जमिनीकडे बघून म्हणाला. "तुम्ही मैदानात आहात तोवर यांचे पाय तुमच्याकडेच जाणार. ओरडून बघितलं. पण तिकडे तुम्हाला..."

"कोणी सांभाळणार नाही."

"हो."

"चांगलंय की मग." दाजींनी निळा शर्ट डोक्यावरून ओढून काढला. "ते काय घेतायत हे त्यांना माहीत आहे का?"

"नाही."

"मग ते आधी सांगायला हवं. तू नको, मीच सांगतो. तू पाण्यापासून सुरुवात करशील."

त्यांनी तिथेच बाकावर बसून पलीकडच्या कोचला फोन लावला. "नमस्कार, मी बोलतोय. हो, तोच. हे बघा, मी आता धावतो, पण पोचत नाही. इथले लोक मला झाकून घेत होते. पेनल्टी कॉर्नर मात्र अजून मारतो, त्यात कोणी मदत केलेली नाही. तेवढ्यासाठी हवा असेन तर येतो. विचार करून सांगा." फोन ठेवून त्यांनी टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं.

उत्तर येईपर्यंतचे दिवस कोचने कसे काढले ते लिफ्टलाच माहीत. ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायची आणि आत जायची. शेवटी एकदा दारात उभी राहून तिने सुनावलं. "तुला घरात बसून सांगता आलं नाही? चार भिंतींत? परक्या मुलींसमोर करायचं होतं?"

"तोंडाने जमत नव्हतं गं, ताई."

"मग जमवायचं होतं. मोठा कोच ना तू."



मुदत संपायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. कॉर्नरसाठी दाजी चालतील, पण मग उंच फुल बॅक मिळणार नाही. त्याच्याऐवजी एक ठेंगणा, बाकावरचा, कोणी नाव न ऐकलेला. अध्यक्षांनी दुकानात डोक्याला हात लावला. "अहो, तोंड उघडायची गरज काय होती? हातात आलेलं सोनं!"

"ते आपलं नव्हतं," कोच म्हणाला, आणि अदलाबदलीला हो म्हणून बाहेर पडला. कोपऱ्यावर पोचल्यावर परत येऊन त्याने विचारलं, "मी हो म्हणालो ना? ऐकलंत ना तुम्ही?"

महिन्याभराने नदीपलीकडचा संघ त्यांच्याच मैदानावर खेळायला आला. मधल्या काळात कोचचा संघ एकदा हरला होता, एकदा बरोबरीत सुटला होता. ठेंगणा बरा निघाला होता, आणि डावीकडचं मैदान आता ओसाड दिसत नव्हतं. पण कोचचा जीव दुसऱ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. सामन्यापूर्वी खोलीत त्याने एकच वाक्य सांगितलं, "सोडायचं नाही." कोणी मान डोलावली नाही. सगळे खाली बघत होते.

ताई पायऱ्यांवर, बाकाच्या अगदी मागे बसली होती. कुठल्याच संघाचा रंग तिने घातला नव्हता. दाजी पलीकडच्यांच्या बाकावर होते. उत्तरार्धात ते उतरले तेव्हा पायऱ्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लगेच पलीकडच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि दाजी डीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. गोलरेषेवर भिंत, लेफ्ट बॅक, पोपट. कोचने दोन्ही हात तोंडावर धरले.

चेंडू आत आला, थांबला. दाजी वाकले आणि त्यांनी तो स्टिकने उचलून गोलकडे फेकला. नेमका डाव्या खांबाजवळ, वर. भिंत हलला नाही असं क्षणभर कोचला वाटलं. मग भिंतीचा हात गेला. चेंडू पंजावर आदळून बाहेर उडाला. दाजी त्याच्यामागे धावले, डोकं खाली घालून, जीव तोडून. लेफ्ट बॅकही धावला. तो आधी पोचला आणि त्याने चेंडू दाजींच्या समोरून लांब टोलावला. दाजी तोल जाऊन गुडघ्यावर आले. पोपटचा पाय त्यांच्याकडे वळला होता. तो वळता वळता थांबला आणि चेंडूमागे पळाला.

दाजी आपले आपण उठले, गुडघा झटकला आणि भिंतीला एक सणसणीत शिवी हासडली. भिंतीने ती परत केली.

मागून ताईने कोचचा खांदा दाबला. "छोटू, खरं अडवलं ना त्यांनी?"

"खरं."

"नक्की?"

कोचने मैदानाकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. "नक्की," तो म्हणाला.